ओटीपी देण्याआधीचा अर्धा तास

स्प्लिट एसी दुकानातून घरी येतो तेव्हा तो अर्धाच बनलेला असतो. दोन खोकी, तांब्याच्या पाइपचं एक वेटोळं आणि एक रिमोट. उरलेला अर्धा एसी तुमच्या घरात बनतो, तोही बहुधा एप्रिल-मेच्या गर्दीत, त्या दिवशी आणखी तीन-चार घरं उरकायची असलेल्या मेकॅनिकच्या हातून. कारखान्यातल्या अर्ध्याची तपासणी कारखान्यात झालेली असते. घरातल्या अर्ध्याची कुणीच करत नाही. गार हवा सुटते, घरातले खूश होतात, मोबाइलवर आलेला ओटीपी किंवा 'हॅपी कोड' आपण सांगून टाकतो आणि कंपनीच्या हिशेबी काम संपतं. भिंतीवरून पाणी ओघळणं, दुसऱ्या उन्हाळ्यात 'गॅस संपणं', पाल शिरून सर्किट जळणं यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्या दीड-दोन तासांत असतं. तेव्हा मेकॅनिक घरात असताना काय बघायचं, काय विचारायचं, आणि मग पहिला महिनाभर मशीन कसं चालवायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. फक्त त्या वेळात चहा करायला आत जाऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

पहिला प्रश्न ड्रिल मशीन सुरू होण्याआधीचा : आउटडोअर कुठे बसणार? खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं काम हे युनिट करतं, म्हणून त्याला मोकळी हवा हवी. मागे वीतभर, पुढे निदान दोन फूट मोकळं असलं की भागतं. नेमकं अंतर माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. पुण्या-ठाण्याच्या नव्या इमारतींत ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर आउटडोअर लटकवायची रीत पडली आहे. तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला ग्रिल, त्यावर कबुतरांसाठी जाळी, त्याच्या आत वाळत घातलेले कपडे. फेकलेली गरम हवा तिथेच घुटमळते आणि युनिट तीच पुन्हा ओढतं. बाहेर ३८ अंश असले तरी त्या कोनाड्यात ४५ च्या वर जातात. एसीच्या खोक्यावरचं 'दीड टन' हे माप बाहेर ३५ अंश धरून काढलेलं असतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. बाहेरचा पारा जसा चढतो तशी ही ताकद उतरते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तर ती आधीच उतरलेली असते. तिथे पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारभर तापणाऱ्या पत्र्याखाली युनिट बसवणं म्हणजे विकत घेतलेल्या दीड टनातला एक हिस्सा सोडून देणं. वर छोटं छप्पर चालेल, पेटी नको. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा, खाऱ्या वाऱ्याचा. समुद्राकडे तोंड असलेल्या बाजूला युनिट बसवलं तर काही वर्षांत जाळीचे पत्रे हातात भुगा होऊन येतात. दुसरी बाजू मिळत असेल तर पाइप चार फूट जास्त लागला तरी ती घ्या.

एक गोष्ट अगदी स्पष्ट : सातव्या मजल्याच्या छज्ज्यावर कमरेला पट्टा न बांधता उतरणाऱ्या मेकॅनिकला उतरू देऊ नका. 'रोजचंच आहे' असं तोच म्हणेल. सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला भक्कम जागा नसेल तर काम त्या दिवशी राहिलं तरी चालेल. आणि पुढे दरवर्षी सर्व्हिसिंगलाही कुणाला तरी तिथे पोचावं लागणार आहे, हे जागा ठरवतानाच लक्षात घ्या.

भिंत कशाची आहे हेही आधी सांगून टाका. सिपोरेक्सच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे फिशर नीट धरत नाहीत. इनडोअर एकवेळ तरून जाईल, पण तीस-चाळीस किलोचं आणि थरथरणारं आउटडोअर नाही. त्याला आरपार बोल्ट किंवा बीम-स्लॅबचा आधार हवा. स्टँड लावून झाल्यावर, युनिट चढवण्याआधी, मेकॅनिकला तो दोन्ही हातांनी जोर देऊन हलवून दाखवायला सांगा. पायांखाली रबराचे तुकडे आहेत का तेही बघा, नाहीतर रात्री गादीत घरघर जाणवते.

इनडोअरच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ फॉल्स सीलिंगवाले करून ठेवतात. एसीसाठी म्हणून एक खण सोडतात, तोही युनिटच्या मापाचा. इनडोअर वरून हवा ओढतं आणि खालून सोडतं. वर चार-सहा इंच मोकळे नसतील तर ते स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढतं, खोली गार झाली असं समजतं आणि वेग कमी करतं. मग 'दीड टनाचा असून गार होत नाही' ही तक्रार सुरू होते आणि बिचाऱ्या गॅसवर आळ येतो. मागची पत्र्याची प्लेट बसवताना लेव्हलची बाटली लावली जाते का बघा. बऱ्याचदा नजरेनेच काम होतं. भिंतीचं भोक मात्र सरळ नको, ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं. काम झाल्यावर ते बाहेरून-आतून पुट्टीने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवून घ्या. नुसता प्लास्टिकचा झाकणवजा गोल लावला की त्यातून मुंग्या, पाली आणि पावसाचं पाणी यांना दार उघडं. पाइप भोकातून बाहेर पडल्यावर आधी थोडा खाली वळून मग युनिटकडे गेलेला असावा, म्हणजे त्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी घरात न शिरता त्या वळणावरून ठिबकतं.

आता पाइप. मेकॅनिकच्या बोलीत तो सुतावर मोजला जातो : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक टनाला साधारण दोन सूत आणि तीन सूत, दीड टनाला दोन आणि चार सूत अशी जोडी असते. बारीक पाइपातून द्रवरूप गॅस इनडोअरकडे जातो, जाड्यातून तो वाफ होऊन परततो. घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब पाडणारा भाग बहुतेक वेळा आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे दोन्ही पाइप गार पडतात. म्हणून दोन्हींवर वेगवेगळं काळं फोमचं आवरण हवं. एकाच नळीत दोन्ही कोंबलेले नकोत. पांढरा स्वस्त फोम उन्हात दोन वर्षांत झडतो. जादा पाइपचे पैसे फुटावर घेतात, तेव्हा तोडण्याआधी टेप तुमच्यासमोर लावायला सांगा. आउटडोअर भिंतीच्या अगदी पलीकडेच असलं तरी पाइप फार आखूड करू देऊ नका. बऱ्याच कंपन्या किमान तीन मीटर ठेवायला सांगतात, नाहीतर आवाज आणि थरथर आत येते. उलट पाइप फार लांब गेला तर मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि तो वजनकाट्यावर मोजून घालायचा असतो.

या सगळ्या कामात बघण्यासारखी एक जागा असेल तर ती पाइपच्या तोंडाची. पाइप कापल्यावर त्याच्या कडेला आतल्या बाजूला तांब्याची धार उभी राहते. चांगला मेकॅनिक पाइपचं तोंड खाली धरतो आणि मगच ती धार खरवडतो, म्हणजे कीस आत न जाता फरशीवर पडतो. मग नट पाइपवर ओवतो (आधी ओवायचा राहिला की सगळं पुन्हा), पाइप साच्यात धरतो आणि तोंड तुतारीसारखं उमलवतो. हीच फ्लेअर. तिची कड एकसारखी, गुळगुळीत, चीर नसलेली हवी. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ झाली असेल तर कापून पुन्हा करायची, दोन मिनिटांचं काम आहे. त्यावर कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट फिरवून नट आधी हाताने फिरवत नेतात आणि शेवटी दोन पान्यांनी आवळतात : एकाने सांधा धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने आवळलं तर पाइपला पीळ बसतो. असे चार जोड असतात, दोन आउटडोअरला आणि दोन इनडोअरच्या मागे. इनडोअरचे दोन जोड टेपखाली गुंडाळले जातात आणि नंतर कुणालाच दिसत नाहीत. म्हणून टेप गुंडाळायच्या आधी ते एकदा डोळ्यांखालून घाला.

जोड झाले की पाइपातली हवा काढायची असते, आणि इथेच घाई होते. आउटडोअरमध्ये कारखान्यातून भरून आलेला गॅस असतो. त्याचा व्हॉल्व्ह जरासा उघडून त्या गॅसनेच पाइपातली हवा फुस्स करून ढकलून देणं हा सोपा मार्ग. 'काका, गॅसने एअर काढली, टेन्शन घेऊ नका' हे वाक्य ऐकलं की टेन्शन घ्या. या पद्धतीत तुमचाच मोजून भरलेला गॅस थोडा उडतो, आणि हवेतला ओलावा पाइपाच्या भिंतींवर राहतो तो राहतोच. इन्व्हर्टर मशीनच्या कॉम्प्रेसरमधलं तेल ओलावा चटकन शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं, आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कुरतडलं जातं. हे त्या दिवशी दिसत नाही, त्या वर्षीही दिसत नाही. योग्य मार्ग व्हॅक्यूम पंपाचा : पंप लावून पंधरा-वीस मिनिटं, पाइप लांब असेल तर अर्धा तास खेचायचं, मग पंप बंद करून दहा मिनिटं गेजचा काटा जागचा हलतो का ते बघायचं. काटा मागे सरकला तर कुठेतरी गळती आहे किंवा ओलावा उरलाय. ज्यांच्याकडे मायक्रॉन गेज असतं ते ५०० मायक्रॉनच्या खाली नेतात. घरगुती कामात असं गेज क्वचित दिसतं, पण पंप आणि साधा गेज मागणं अजिबात जास्तीचं नाही. वेळ ठरवायच्या फोनवरच विचारा, 'व्हॅक्यूम पंप आणणार ना?' आणला नसेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा.

मग अॅलन कीने व्हॉल्व्ह उघडले जातात, गॅस पाइपात येतो, आणि चारही जोडांवर साबणाचा फेस लावून बघायचा असतो. भांडी घासायच्या स्पंजवरचा दाट फेस पुरतो. बुडबुडा फुगत जाऊ लागला की नट आवळायचा किंवा फ्लेअर पुन्हा करायची. आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो. तो स्वयंपाकाच्या गॅससारखा भडकणारा नाही, पण थोडा ज्वलनशील आहे. तेव्हा हे काम चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, सिगारेट काही नको, खिडक्या उघड्या ठेवा.

नव्या फ्लॅटमध्ये तांब्याचे पाइप आधीच भिंतीत दाबलेले असतील तर काळजी दुप्पट. त्यांची टोकं महिनोन्‌महिने उघडी राहिलेली असतात. त्यात प्लास्टरचा चुरा जातो, पाणी जातं, आणि कुंभारीण माशी तर अशा भोकांवर टपलेलीच असते. मातीचं घर करून मोकळी होते. असे पाइप नायट्रोजन मारून आधी साफ करून घ्यावे लागतात आणि दाब भरून काही तास धरून ठेवावा लागतो. हे काम एसीसोबत आलेला मेकॅनिक करत नाही, वेगळं सांगून, वेगळे पैसे देऊन करून घ्यायचं असतं. बिल्डरकडून ताबा घेतानाच करून घेतलंत तर भिंत फोडायची वेळ त्याची, तुमची नाही.

ड्रेनविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे महाराष्ट्राची हवा आपल्याला फसवते. इनडोअरमधून निघणारं पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात मे महिन्यात दीड टनी एसी तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी सहज काढतो. ड्रेन पाइपला उलटा उतार असेल तर तिथे पहिल्याच रात्री भिंत ओली होते आणि मेकॅनिकला परत बोलावता येतं. पण जळगाव, अकोला, नागपूर, लातूरकडे एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की पाणी जेमतेम ठिबकतं. ड्रेन चुकीचा असला तरी काहीच कळत नाही. आणि मग जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, हवा एकदम दमट झाल्यावर, इनडोअरच्या कडेने धार लागते. तोवर बसवणाऱ्याचा फोन 'बंद आहे' असतो आणि कंपनी त्याला सर्व्हिस कॉल म्हणून पैसे लावते. यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे : समोरचं झाकण उघडून, फिल्टर काढून, लिटरभराच्या बाटलीने पाणी हळूहळू कॉइलवरून खालच्या पन्हळीत सोडायला लावा. उजवीकडे असलेल्या सर्किटच्या डब्याकडे पाणी जाऊ न देता, आणि मेन स्विच बंद करून. बाहेर माणूस उभा करा. पाणी थेंबथेंब नाही, मोकळेपणी यायला हवं, आणि ओतायचं थांबल्यावर काही वेळात थांबायलाही हवं.

ड्रेन पाइप सगळीकडे उतरता हवा, मध्ये कुठेही पोट पडलेलं नको. त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको, आत हवा अडकून पाणी मागे साचतं. थेट गटाराच्या पाइपात खोचलं तर रात्री खोलीत वास येतो. खालच्या मजल्याच्या खिडकीच्या पत्र्यावर सोडलं तर टपटप आवाजावरून सोसायटीच्या सभेत तुमचा विषय निघणार, हे लिहून ठेवा. बादलीत जमलेलं पाणी लादी पुसायला, झाडांना वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला सुचवणारे खूप भेटतात. घालू नका, ते शुद्ध केलेलं पाणी नाही, कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन आलेलं असतं.

विजेचं काम मेकॅनिक यायच्या आधी तुमच्या वायरमनने केलेलं असायला हवं. मुख्य बोर्डापासून एसीसाठी स्वतंत्र तांब्याची वायर, दीड टनासाठी साधारण अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची, आणि तिला स्वतःचा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी. एक्स्टेंशन बोर्डवर एसी लावायचा विचारही नको. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंगची वायर भिंतीत असते, पण ती कुठेच पोचलेली नसते. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर पहिली शंका फिटते. इनडोअर-आउटडोअरमधल्या वायरीला मध्ये जोड नको. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं खोक्यावर असतं, पण ते किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत तेही तिथेच छापलेलं असतं. तुमच्या गावी संध्याकाळी व्होल्टेज त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर लागतोच. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. घरात दुसरा-तिसरा एसी येत असेल तर तो वाढवून घ्यावा लागेल का, हे बघून ठेवा.

आता मशीन चालू करायचं. खिडक्या-दारं बंद, कूल मोड, पंखा जोरात, तापमान सगळ्यात खाली. हे फक्त चाचणीपुरतं. कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला नाही तर गडबडू नका, तीनेक मिनिटांचा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. थंडीच्या दिवसांत एसी बसवलात आणि खोलीच गार असेल तर मशीन सुरूच होणार नाही. त्यासाठी इनडोअरवर किंवा रिमोटमध्ये चाचणीची सोय असते, ती मेकॅनिकला वापरायला सांगा. वीस मिनिटं गेली की साध्या डिजिटल थर्मामीटरने दोन ठिकाणी मोजा : वर, जिथून हवा आत जाते तिथे, आणि खाली, जिथून बाहेर येते तिथे. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. कोरड्या हवेत तो जरा जास्त येतो, दमट हवेत कमी, कारण तिथे मशीनची बरीच ताकद वाफेचं पाणी करण्यात खर्च होते. चार-पाच अंशच फरक येत असेल तर ओटीपी देऊ नका. बाहेर जाऊन बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बघा. त्यावर पांढरा बर्फ धरत असेल तर गॅस कमी आहे.

अर्ध्या तासाने प्लग आणि सॉकेटला हात लावा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर आतली वायर सैल आहे. थंड होताना प्लास्टिकचा कट्‌ असा आवाज, बंद केल्यावर गॅस वाहिल्याचा खळखळाट, हे सगळं नेहमीचं. पातं घासल्यासारखी लयीतली खरखर, किंवा आउटडोअरच्या स्टँडची खडखड नेहमीची नाही.

कागदपत्रांत फार वेळ जात नाही, पण दोन गोष्टी करा. इनडोअर आणि आउटडोअर दोन्हींवरचे सिरीयल नंबर बिलाशी जुळवा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा. आउटडोअर छज्ज्यावर गेल्यावर तो नंबर पुन्हा कुणाला वाचता येत नाही. आणि इन्स्टॉलेशनच्या पावतीवर किती फूट पाइप, कोणता स्टँड, किती गॅस घातला, हे वेगवेगळं लिहून घ्या. 'इन्स्टॉलेशन चार्जेस' अशी एकच ठोक रक्कम लिहिलेली पावती पुढे वॉरंटीच्या वादात काही कामाची नसते. मगच तो ओटीपी.

घरात अजून पीओपी, टाइल कापणं किंवा रंग चालू असेल तर एसी बसवला तरी चालवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. ती धूळ ओल्या कॉइलवर बसली की तिची लादी होते, आणि पहिल्याच महिन्यात रसायनाने धुण्याची वेळ येते. राहायला गेल्यावर फिल्टर पहिल्या आठवड्यात काढून बघा. नव्या घरात तो इतक्यातच करडा झालेला असेल. पुढे पंधरा दिवसांतून एकदा नळाखाली धुऊन सावलीत वाळवायचा, उन्हात वाळवला की वाकतो.

रिमोटवर वीसएक बटणं असली तरी रोज लागतात तीन-चार. १६ वर लावल्याने खोली लवकर गार होते हा समज काही जात नाही. तापलेल्या खोलीत मशीन २४ वर लावलं तरी पूर्ण जोरानेच धावतं. १६ वर लावल्याने ते फक्त थांबायचं विसरतं. २०२० च्या जानेवारीपासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होणारे असावेत असा केंद्र सरकारचा नियम आहे, आणि तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. सोबत छताचा पंखा हळू फिरू द्या, २६ वरही बरं वाटतं. पावसाळ्यात रत्नागिरी-पणजीकडे उकाड्यापेक्षा चिकचिक जास्त असते, तेव्हा ड्राय मोड वापरून बघा. एसी रिमोटनेच बंद करा. बऱ्याच मशीनमध्ये बंद केल्यावर काही मिनिटं पंखा चालू राहून कॉइल वाळवतो. भिंतीवरचा स्विच खटकन बंद केलात तर कॉइल ओली राहते आणि आठवड्याभरात सुरू करताच कुबट वास येतो.

बिलाचा अंदाज स्टार लेबलवरून निघतो. तिथला वर्षाचा आकडा १६०० तास धरून दिलेला असतो. लेबलवर ८०० युनिट लिहिले असतील तर तासाला सरासरी अर्धं युनिट. रोज आठ तास चालवलात तर महिन्याला १२० युनिट, आणि मेच्या दुपारी त्याहून बरेच जास्त. पण महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांवर चढतात, त्यामुळे एसीची युनिटं नेहमी वरच्या पायरीच्या दराने पडतात. पहिल्या महिन्यात बसवल्याच्या दिवशीचं आणि महिनाअखेरीचं मीटर रीडिंग स्वतः टिपून ठेवा. पुढे कधी बिल उगाच फुगलंय असं वाटलं तर तुलनेला तेवढा एक खरा आकडा हाताशी राहतो.

आणि वर्षा-दोन वर्षांनी कुणी 'साहेब, गॅस संपलाय, भरून टाकतो' म्हणालं, तर त्याला जरा थांबवा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरला जात नाही. तोच गॅस बंद पाइपांतून वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळाला आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा त्या चार फ्लेअरांपैकीच एक असते. आधी फिल्टर आणि कॉइल स्वच्छ आहे ना बघायला सांगा, कारण मळलेल्या कॉइलचीही लक्षणं जवळपास तशीच दिसतात. मग जोडांवर फेस लावून गळती दाखवायला सांगा, जोड नव्याने करून, व्हॅक्यूम खेचून, काट्यावर वजन करून गॅस भरू द्या, आणि बिलावर 'गॅस भरला' एवढंच न लिहिता किती ग्रॅम भरला आणि कुठला जोड पुन्हा केला तेही लिहून घ्या.